मिश्रीचा ओटा

बाळांनो, अंगावर घोंगडीची टोकं ओढून घ्या, कारण आपण जाणार आहोत तिथं थंडी आहे आणि तांबडं अजून फुटायचं आहे. डोळे मिटू नका, उघडेच राहू द्या. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की कालव्याच्या काठी एक लहानशी वस्ती लागते असं समजा. नाव माळवाडी. दहा-बारा घरं, मागं वांग्याचे नि कांद्याचे वाफे, पाटाला पाणी. साल धरा एकोणीसशे छत्तीस. पहिल्याच घरापुढं एक दगडी ओटा आहे आणि ओट्यावर चार बायका ओळीनं उकिडव्या बसल्या आहेत.

दिसल्या का? प्रत्येकीचं बोट तोंडात आहे. बोट काळं, दात काळे, ओठांच्या कडा काळ्या. बोलणं चालूच आहे, पण तोंडात थुंकी साठलेली, म्हणून शब्द अर्धेच बाहेर पडतात. गंमत अशी, की एकमेकींना सगळं कळतं. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या वाफ्यात रात्री डुकरं शिरली. मधूनच एखादी मान पुढं काढते नि पिंक टाकते. ओट्याखालची माती कोळशाच्या भुकटीसारखी झाली आहे. आता नाकानं पाहा. जळक्या तंबाखूचा वास येतोय? घशात खवखवलं? मग तुम्ही बरोबर ठिकाणी पोचलात.

त्या ओळीतली दुसरी बाई मुक्ताबाई. ओटा तिच्या घरचा, आणि गोष्टही तिचीच.

ज्यांच्या घरी मिश्री नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तंबाखूची पानं खापरावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची नि ती पूड दातांना घासायची. ही मिश्री. तिनं दात स्वच्छ होतात असं बायका म्हणायच्या. दात काळे करून स्वच्छ कसे होतात, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भाजण्याचं काम मात्र सोपं नव्हे. कमी भाजली तर चक्कर येते, जास्त भाजली तर राख होते. ते नेमकं मधलं माप सगळ्या माळवाडीत एकट्या मुक्ताबाईच्या हाताला सापडलं होतं. रंगावरून ते कळत नाही, वासावरूनही कळत नाही. चिमूट उचलून हिरडीवर फिरवली की कळतं. म्हणून आळीतल्या बायका तंबाखूची पानं तिच्याच पुढ्यात आणून टाकायच्या, आणि ती परसात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून सगळ्यांची मिश्री भाजून द्यायची. सिंधुबाई, जिला सगळ्या सिंधुअक्का म्हणत, ती तर पाहुण्यांना सांगायची, "आमच्या मुक्तीच्या हातची मिश्री लावा एकदा. बारामतीच्या बाजारात मिळायची न्हाय." असं कुणी म्हटलं की मुक्ताबाईला बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला तिच्या डाव्या गालाच्या आत, दाढेशेजारी, एक पांढरा चट्टा उठला. त्याच्या मधोमध चीर पडली. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पंधरा दिवस तिनं हळद लावून पाहिली, मग तूप लावून पाहिलं. शेवटी नवरा, रामहरी, वांग्याची गाडी घेऊन इंदापूरला निघाला तेव्हा तीही गाडीत बसली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि बराच वेळ गालात पाहिलं.

"मिश्री लावता?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती वेळा?"

मुक्ताबाईनं रामहरीकडं पाहिलं. रामहरीनं छताकडं पाहिलं.

"सकाळी," ती म्हणाली. "मग जेवल्यावं. मग वैरणीला जाताना. मग—"

"पुरे," डॉक्टर म्हणाला. त्यानं हात धुतले, पुसले, आणि मग सावकाश बोलला. "बाई, हा चट्टा तंबाखूनं उठलाय. तंबाखू थांबली तर बहुतेक भरून येईल. शिमग्याला मला परत दाखवा. तोवर तोंडात कणभरसुद्धा जाता कामा नये. तेव्हाही असाच असला तर पुण्याला जाऊन गाल कापून घ्यावा लागेल."

"कापायचा म्हंजे?"

"कापायचा म्हणजे कापायचा."

परतीच्या वाटेवर रामहरीनं कमरेची चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, अंगठ्यानं चुना लावला आणि मळता मळता म्हणाला, "एवढं काय घाबरायचं त्यात? मन घट्ट करायचं. मनावं घेतलं की झालं."

आणि चिमूट ओठात ठेवून त्यानं बैलांना हाक मारली.

मुक्ताबाईनं त्याच्या फुगलेल्या ओठाकडं पाहिलं. मग गाडी माळवाडीला पोचेपर्यंत ती बैलांच्या शेपट्यांकडं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा डोकं दगडासारखं जड झालं होतं. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही त्या बायकांची जुनी अडचण. आता तीही पुढं उभी राहिली. बाहेर खाकरण्याचा आवाज झाला.

"मुक्ते! उठली न्हाईस व्हय अजून? का दादल्यानं कोंडून घातलीया?" ही सिंधुअक्का.

हसण्याचा गलका झाला. आता ओटा आपल्याच दारात, तर लपायचं कुठं? मुक्ताबाई बाहेर आली, आपल्या जागेवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डॉक्टर काय म्हणाला ते तिनं सांगितलं, पण गाल कापायचं तेवढं गाळलं.

सगळ्यांत म्हातारी धोंडाबाई. तिनं पिंक टाकली. "डाक्टर केवढा हाय?"

"आसंल पंचविशीचा."

"मग त्याला काय कळतंय? माझी साठी उलटली. अजून हरभरं फोडते मी दातानं."

"आता ही मडम झाली इंदापूरची," सिंधुअक्का म्हणाली. "उद्या आपल्याशी बोलायची बी न्हाय."

चौथी होती रंगूबाई, सगळ्यांत धाकटी, कडेवर दीड वर्षांची मुलगी. ती नुसती हसली.

तीन दिवस मुक्ताबाईनं मांड्यांखाली हात दाबून काढले. तीन दिवस ती घरात प्रत्येकावर खेकसली, कोंबड्यांवरसुद्धा. चौथ्या दिवशी दुपारी सिंधुअक्का तंबाखूच्या पानांचं गाठोडं घेऊन आली. सगळ्यांच्या डब्या रिकाम्या झाल्या होत्या.

"अक्का, मी न्हाय भाजत आता."

सिंधुअक्का दाराला टेकून बसली. तिला राग आला नव्हता, खरंच नवल वाटलं होतं. "तुला कुठं लाव म्हणतीया मी? तू नगं लावूस. पर डाक्टरनं तुला सांगितलं, आमाला न्हाय. आमी काय पाप केलं?"

शेजारधर्माचं काम, इतक्या वर्षांचं. मुक्ताबाईनं जाळ केला. पानं खापरावर टाकली. धूर उठला, ओळखीचा धूर, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पानं काळी पडू लागली. झाली का? अजून थोडी? कळायला एकच उपाय होता. तिनं चिमूट उचलली आणि हिरडीवर फिरवली. नुसती चव.

तिचं बोट वरच्या दातांवरून खालच्या दातांवर आणि तिथून मागच्या दाढांपर्यंत जाऊन आलं, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. एव्हाना डोकं हलकं झालं होतं. गालातली चीर मात्र पेटली होती.

दारात तिची मुलगी उभी होती. कौसल्या, वय नऊ. इंदापूरहून आल्या दिवशी मुक्ताबाईनं तिला सगळं सांगितलं होतं, गाल कापण्याचंसुद्धा. कारण मनातलं कुणाला तरी सांगावं लागतं.

"आई, डॉक्टर म्हणलं हुतं ना, कणभर बी न्हाय?"

"लावली न्हाय गं. चव बघितली."

कौसल्येनं थोडा विचार केला. "चव तोंडात न्हाय बघत व्हय?"

मुक्ताबाईनं काळं बोट लुगड्याला पुसलं.

पुढच्या खेपेला तिनं शक्कल केली. "अक्का, खापर न्या, पऱ्हाट्या न्या, तुमच्या तुमी भाजा." सिंधुअक्कानं भाजली आणि जाळून राख केली. दुसऱ्यांदा भाजली ती कच्ची राहिली. रंगूबाईला ओकाऱ्या झाल्या. मग सगळ्या खापर घेऊन मुक्ताबाईच्या परसात हजर. "नुसतं सांग, कमी हाय का जास्त. तुज्याशिवाय कुणाला कळतंय, बाई?" आणि मुक्ताबाईनं पुन्हा चिमूट उचलली.

त्या संध्याकाळी ती चुलीपुढं बसून रडली. रामहरी म्हणाला, "मी सांगितलं हुतं, मन घट्ट पायजे. तुझं मनच ढिलं."

त्याच्या ओठात तेव्हाही चिमूट होती.

मध्येच एक बरी गोष्ट घडली. डाळजला तिच्या धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं निघालं आणि मुक्ताबाई कौसल्येला घेऊन आठ दिवस माहेरी गेली. तिची थोरली भावजय, जयवंता, राखुंडीनं, म्हणजे चुलीतल्या राखेनं, दात घासायची. शेजारच्या बायकाही तशाच. त्या आळीत मिश्रीची डबी कुणाच्या कोनाड्यात नव्हती. तिथल्या बायकांची सकाळ भीमेच्या वाटेवर जायची. उठलं, चूळ भरली, की घागरी घेऊन नदीला. जाताना गप्पा, येताना गप्पा, डोक्यावर एक घागर आणि कमरेवर दुसरी. दोन खेपा झाल्या की ऊन वर यायचं आणि भाकरीची वेळ व्हायची.

पाचव्या दिवशी मुक्ताबाई ठेच्याबरोबर भाकरी खात होती आणि अर्धी भाकरी संपल्यावर थबकली. गाल झोंबला नव्हता. तिनं जीभ फिरवून पाहिली. चीर होती, पण मिटत आली होती. आणखी एक गोष्ट तिला आठवली, ती अशी, की चार दिवसांत मिश्री तिला आठवलीच नव्हती.

"वैनी, मी सुधारले बघा," ती हसत म्हणाली. "झालं एकदाचं मन घट्ट."

जयवंतेला त्यातलं काही कळलं नाही. तिनं आणखी ठेचा वाढला.

मग ती माळवाडीला परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर तेच खाकरणं, तोच वास, त्याच तिघी. मुक्ताबाई उत्साहानं बारशाची हकिगत सांगू लागली. पाळणा कसा सजवला, आत्याबाईंचा मान आपल्याला कसा मिळाला, कोण रुसलं. रंगूबाईनं ऐकता ऐकता, सवयीनं, आपली डबी पुढं केली. मुक्ताबाई सांगतच होती. नाव काय ठेवलं तिथपर्यंत आली, आणि ते नाव तिच्या तोंडातून अर्धंच बाहेर पडलं. कारण तोंडात थुंकी साठली होती. बोट तोंडात होतं. ते केव्हा गेलं तिला ठाऊक नव्हतं.

तिनं भडाभडा थुंकून टाकलं. इतके दिवस गिळून ठेवलेलं सगळं त्याबरोबर बाहेर आलं.

"तुमी मला मारनार! समद्या मिळून मला मारनार! गाल कापायला सांगितलाय माझा डाक्टरनं, कळलं? ह्यो बघा!" आणि उजेड नुकता फुटत होता त्याच्याकडं तोंड करून तिनं गाल बोटानं ताणून धरला.

बायका जवळ सरकल्या. वाकून पाहिलं. मुक्ताबाईला वाटलं, आता तरी.

"एवढाच व्हय?" धोंडाबाई म्हणाली. "अगं, ह्यो बघ माझा. धा वरसांचा हाय." आणि तिनं आपला खालचा ओठ उलटा करून दाखवला.

"माझा हितं आतल्या अंगाला हाय," सिंधुअक्का म्हणाली. "दोन हायेत. पावसाळ्यात जरा ठणकतंय, मग राहतंय."

नवीन बांगड्या दाखवाव्यात तसे त्यांनी आपापले चट्टे दाखवले. रंगूबाईच्या तोंडात काहीच नव्हतं.

"यील, यील, तुला बी यील," सिंधुअक्का म्हणाली, आणि ती नि धोंडाबाई हसल्या.

मुक्ताबाई उठून आत गेली. बाळांनो, एखाद्याला ओरडून सांगावं की पुढं विहीर आहे, आणि त्यानं म्हणावं, हो, आम्ही सगळे आतच आहोत, तर काय करायचं? तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिनं तसं केलं नाही. जात्यावर बसून एवढं दळलं की रामहरी विचारायला आला, आज कुणी जेवायला येणार आहे का.

शिमगा आता महिन्यावर आला होता.

तीन-चार दिवसांनी ती वैरणीचा भारा घेऊन मळ्यातून परतत होती, तेव्हा परसातून धूर दिसला. आपण तर जाळ केला नव्हता. भारा तसाच टाकून ती घराला वळसा घालून धावली.

खापरापुढं कौसल्या बसली होती. धुरानं डोळे लाल, नाक वाहतंय. हाताशी तंबाखूची पानं. आणि तिचं बोट तोंडात होतं. बोट काळं, दात काळे, ओठांच्या कडा काळ्या.

बाजूला सिंधुअक्का आरामात बसली होती. "पोरगी तयार हाय हां, मुक्ते! हात अक्षी तुझाच घेतलाय हिनं. दोनदा चव बघितली नि बरोबर सांगितलं, झाली म्हणून."

"कौसे!" मुक्ताबाईनं तिचं बोट तोंडातून ओढलं. "काय करतीयास?"

कौसल्या उभी राहिली. तिला गरगरत होतं, म्हणून तिनं भिंत धरली. "आता तू चव बघायची न्हाईस," ती म्हणाली. "मी बघत जाईन. मग तुझा गाल कापायचा न्हाय कुणी."

एवढं बोलून ती कोपऱ्यात वाकली आणि ओकली.

"पयल्यांदा असंच हुतंय," सिंधुअक्का समजुतीनं म्हणाली. "आपल्याला न्हवतं का झालं? मी तर हिच्याहून ल्हान हुते."

मुक्ताबाईनं खापराला लाथ घातली. निखारे परसभर उडाले. भाजलेलं पाऊल धरून ती तशीच उभी राहिली आणि ओरडली, "ह्या घरात आजपासनं भाजायचं न्हाय! ओट्यावं लावायची बी न्हाय! कुणीच न्हाय!"

आवाज ऐकून धोंडाबाई आणि रंगूबाई आल्या होत्या. सिंधुअक्का पदर झाडून उठली. आता मात्र तिला राग आला होता. "बरं बाई. तुझा ओटा तुला लखलाभ. चला गं." आणि त्या गेल्या. जाताना रंगूबाईनं ओकणाऱ्या कौसल्येकडं एकदा वळून पाहिलं आणि कडेवरच्या पोरीला जरा घट्ट धरलं.

तिथून पुढं ओटा रिकामा. बायका आता सिंधुअक्काच्या दारातल्या लिंबाखाली बसू लागल्या. मिश्री भाजायचा कुणी तरी जमवलाच मेळ, कमी-जास्त. त्यांचं हसणं मुक्ताबाईच्या घरापर्यंत ऐकू यायचं, शब्द नाही, नुसतं हसणं. पहाटे लोटा घेऊन रानात जायचं तेही एकटीनं. विहिरीवर ती पोचली की बोलणं थांबायचं. कांद्याच्या खुरपणीला एकमेकींच्या वाफ्यांत जायची त्यांची पद्धत होती, आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. त्या आठवड्यात मुक्ताबाईच्या वाफ्यावर कुणी आलं नाही.

नऊ दिवस तिनं मिश्रीला हात लावला नाही. गालातली चीर पुन्हा मिटू लागली होती. पण मिश्रीबरोबर माणसंही सुटतील, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

"केलं मन घट्ट," ती रामहरीला म्हणाली. "आता बोलू कुणाशी? बैलांशी?"

रामहरीच्या अंगठ्यावर चुना होता. तो उठला आणि तंबाखू मळायला बाहेर, गोठ्याकडं गेला. आजवर असा तो कधी गेला नव्हता.

दहाव्या दिवशी पहाटे कौसल्येला जाग आली. आई कोनाड्यापाशी उभी होती. तिनं मागं सारून ठेवलेली जुनी डबी काढली, झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि डबी मुठीत धरून दाराबाहेर पडली. लिंबाखालून हसणं ऐकू येत होतं. आई त्या हसण्याच्या दिशेनं चालली होती, सावकाश, पाय ओढत, शाळेत उशिरा जाणारं पोर चालतं तशी.

कौसल्या क्षणभर बसून राहिली. ओरडावं? डबी हिसकावून घ्यावी? पण आईला डबी नको होती, हे तिला दिसत होतं. मग ती उठली, रांजणातून तांब्या भरून घेतला आणि पळत सुटली. वाटेत तिनं आईला मागं टाकलं. तांब्यातलं पाणी हिंदकळून परकर भिजला. ती थेट लिंबाखाली जाऊन रंगूबाईपुढं उभी राहिली.

"रंगूकाकी, आमच्या ओट्यावं चला बसायला. आई एकटी हाय."

बायकांची बोटं तोंडातच थांबली.

"आन् मिश्री?" सिंधुअक्कानं विचारलं. "लाथ मारती तुझी आई."

"ती तुमी घरी लावा," कौसल्या म्हणाली. धापेमुळं तिचे शब्द तुटत होते. "लावून झाली की चूळ भरा. मग या. बोलायला तोंड मोकळं लागतंय की."

"अगं बाई! फौजदारीण आली!" सिंधुअक्का म्हणाली. "आता आमी हिच्या हुकमानं तोंड धुवायचं!"

धोंडाबाईला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. कौसल्येनं पाठ चोळली तिची, पण तिथून हलली नाही.

रंगूबाई हसली नव्हती. तिच्या कडेवरची मुलगी तिच्या काळ्या बोटाशी खेळत होती, ते बोट आपल्या तोंडाकडं ओढत होती. रंगूबाईनं बोट सोडवून घेतलं, पदराला पुसलं, आणि ओंजळ पुढं केली. कौसल्येनं पाणी ओतलं. रंगूबाईनं खळखळून चूळ भरली, एकदा, दोनदा, आणि उठून वाटेवर थबकलेल्या मुक्ताबाईकडं गेली. काय म्हणाली ते लिंबाखाली ऐकू आलं नाही. तिनं मुक्ताबाईचा दंड धरला एवढं दिसलं. मुक्ताबाईची मूठ अजून मिटलेलीच होती.

"मला बी दे गं थोडं," धोंडाबाई म्हणाली. "माझी लावून झालीच हाय. आन् हितं मुंग्या लई चावत्यात." ती चूळ भरून, गुडघ्यावर हात देत उठली. "तुझी आई अजून रागात हाय का?"

"न्हाय, आजी. रडतीया."

"मग बरं. रडनाऱ्या मानसासंगं बसता येतंय." आणि म्हातारी चालू लागली.

लिंबाखाली एकटी सिंधुअक्का उरली. बोट तोंडात, मान दुसरीकडं वळवलेली. जणू समोर कुणी नाहीच.

कौसल्येनं तांब्यात डोकावून पाहिलं. तळाला चुळीपुरतं पाणी उरलं होतं. ती वळसा घालून सिंधुअक्काच्या तोंडासमोर आली, तांब्या दोन्ही हातांनी पुढं धरला, आणि तशीच उभी राहिली.